मोडक्या लोखंडाची बखर

इतिहासाची साधने म्हटली की सनदा, पत्रव्यवहार, ताम्रपट, शिलालेख आणि नाणी डोळ्यांसमोर येतात. भिंतीवरच्या एखाद्या फळीवर रांगेने मांडलेले फुटके पिस्टन, वाकलेले पोलादी दांडे आणि तडकलेली नळकांडी यांनाही त्या मालिकेत स्थान मिळू शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ इन्व्हर्कार्गिल नावाचे जे शहर आहे, तेथील एका माणसाने आपल्या कामाच्या खोलीत अशी एक फळी कित्येक वर्षे भरत आणली होती. तिच्यावर त्याने काही अक्षरे लिहिली होती आणि त्यांचा अर्थ ‘वेगाच्या देवाला वाहिलेली अर्पणे’ असा होता. एका जुन्या मोटारसायकलीचे इंजिन हा मनुष्य घरच्या घरी उभे आयुष्यभर पुन्हा पुन्हा घडवीत राहिला. त्या उद्योगात जे जे मोडले त्याची जागा या फळीवर होती. ही एक प्रकारची बखरच म्हणावयाची. बखरींवर इतिहासकाराने फार विसंबू नये, अस्सल कागद पाहावा, असे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी बजावून सांगितले आणि ते योग्यच होते. तथापि मोडक्या लोखंडाच्या या बखरीपुरता तो दंडक कसा उलटा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

या मनुष्याचे नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. लोक त्याला बर्ट म्हणत. मन्रो हे आडनाव मूळचे स्कॉटलंडचे. हिंदुस्थानच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ते रयतवारी पद्धतीच्या थॉमस मन्रोमुळे परिचित आहे. इन्व्हर्कार्गिल हे शहरही स्कॉटिश वसाहतवाल्यांच्या आठवणींनी भरलेले असून तेथील डी, टे, एस्क इत्यादी रस्त्यांना स्कॉटलंडमधील नद्यांची नावे दिलेली आहेत. बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी झाला. बालपण एडनडेल येथील शेतीवाडीत गेले. शेतीबाहेरच्या कोणत्याही गोष्टीची आवड वडिलांना मानवत नसे आणि मुलाला तर पहिल्यापासून वेगाचे वेड होते. पहिले महायुद्ध संपले तेव्हा घरची शेती विकली गेली, बर्टने काही काळ ओटिरा येथील रेल्वेच्या बोगद्यावर काम केले आणि वडिलांनी पुन्हा शेती घेतल्यावर तो परत घरी आला. १९२० साली, एकविसाव्या वर्षी, त्याने एक नवी कोरी मोटारसायकल विकत घेतली. ती त्याने पुढे सत्तावन्न वर्षे सोडली नाही.

ही मोटारसायकल ‘इंडियन’ या नावाच्या अमेरिकन कारखान्याची होती. या नावाचा भारतवर्षाशी काही संबंध नाही. कोलंबसाच्या दिशाभुलीमुळे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना जे नाव चिकटले, तेच या कारखान्याने उचलले होते. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली जॉर्ज हेंडी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम यांनी हा धंदा सुरू केला. १९११ साली आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतीत इंडियन गाड्यांनी पहिले तीनही क्रमांक पटकावले. त्यांतला दुसरा क्रमांक चार्ल्स फ्रँकलिन या डब्लिनच्या आयरिश अभियंत्याचा होता. पुढे हाच फ्रँकलिन स्प्रिंगफील्डला गेला आणि त्याने ‘स्काउट’ नावाची मध्यम आकाराची गाडी आखली. तिच्यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे तिरकी बसवलेली दोन नळकांडी होती, त्यांची एकूण क्षमता सुमारे ६०० घनसेंटिमीटर होती आणि गतिपेटीत तीन टप्पे होते. मन्रोच्या इंजिनावर ५०आर६२७ हा क्रमांक कोरलेला होता. कारखान्यातून आलेली ही गाडी फार तर ताशी ५५ मैल धावे. त्या काळी एवढा वेग सामान्य मनुष्यास भरपूर होता.

मन्रोला तो भरपूर वाटला नाही. १९२६ च्या सुमारास त्याने गाडीत फेरफार करण्यास आरंभ केला. अधिक वेगवान गाडी हवी असणारा मनुष्य बहुधा नवी गाडी घेतो. परंतु मन्रोपाशी पैसा नव्हता, आणि त्याचा देश जगाच्या कारखान्यांपासून समुद्राच्या दोन महिन्यांच्या नसला तरी कित्येक आठवड्यांच्या अंतरावर होता. १९३० च्या आगेमागे जागतिक मंदी आली. तोपर्यंत शर्यतीच्या मैदानात उतरलेला मन्रो पुन्हा घरच्या शेतीवर परतला आणि नंतर मोटारसायकलींचा विक्रेता व कारागीर म्हणून नोकरीला लागला. १९३८ साली न्यूझीलंडच्या सरकारने आयातीवर परवान्यांचे निर्बंध घातले. पुढे १९५३ साली स्प्रिंगफील्डचा मूळ कारखानाच बंद पडला. अशा स्थितीत जुन्या गाडीचा मोडलेला भाग पत्र पाठवून मागवता येत नाही. तो करावा लागतो.

हा केवळ एका माणसाचा स्वभाव नव्हता. न्यूझीलंडमध्ये शेताच्या कुंपणासाठी जी आठ नंबरची तार वापरीत, तिच्या नावाने तेथे एक वाक्प्रचारच रूढ झाला आहे. हाताशी असेल त्या तारेच्या तुकड्यातून अडलेले काम निभावून नेणाऱ्या कसबाला तेथील लोक त्या तारेचे नाव देतात. इन्व्हर्कार्गिलमध्येच अर्नेस्ट गॉडवर्ड नावाच्या संशोधकाने केसांत घालावयाच्या नागमोडी आकड्यापासून पेट्रोल वाचविणाऱ्या कार्ब्युरेटरपर्यंत अनेक वस्तू शोधून काढल्या होत्या. दूरच्या देशातील कारागिराला परावलंबन परवडत नाही, हा धडा मन्रोला वेगळा शिकावा लागला नाही. तो हवेतच होता.

आता त्याने अंगावर घेतलेले काम किती अवघड होते, हे समजून घेण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र पाहणे अवश्य आहे. वाहन वेगाने धावू लागले की त्याला मुख्य अडथळा हवेचा होतो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो विरोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. मन्रोची गाडी अखेरीस ताशी १८४ मैलांपर्यंत गेली. म्हणजे मूळ वेगाच्या सव्वातीन पटींहून अधिक. गाडीचा आकार तोच राहता तर त्यासाठी सुमारे ३७ पट शक्ती लागली असती. प्रवाहाला अनुकूल असे माशासारखे कवच बसवून त्याने हवेचा विरोध पुष्कळच कमी केला, हे खरे. परंतु उरलेला भार इंजिनालाच उचलावयाचा होता. इंजिनाची क्षमता तर पन्नास वर्षांच्या खटपटीनंतरही ६०० घनसेंटिमीटरांवरून ९५० पर्यंतच, म्हणजे सुमारे दीडपटीहून थोडी अधिक वाढली. बाकीची शक्ती कोठून आणावयाची? इंजिनाचा श्वास मोकळा करून, इंधन अधिक दाबून जाळून आणि चाक अधिक भरभर फिरवून. यांतला प्रत्येक उपाय इंजिनाच्या एखाद्या दुबळ्या अवयवावर घाला घालतो.

श्वासाचा प्रश्न प्रथम घेऊ. फ्रँकलिनने आखलेल्या इंजिनात झडपा नळकांड्याच्या कुशीला होत्या. ही रचना साधी व टिकाऊ असते, परंतु हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येताना त्याला वळण घ्यावे लागते. वेग वाढला की या वळणावरच त्याचा दम कोंडतो. मन्रोने झडपा नळकांड्याच्या डोक्यावर आणल्या. मूळ इंजिनात चार झडपांचे काम दोन कॅमांवर भागवलेले होते. कॅम म्हणजे फिरता फिरता झडपेला उचलणारा पोलादी उंचवटा. एकाच उंचवट्याने आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा उचलावयाच्या, तर दोघींच्या वेळा एकमेकींना बांधल्या जातात. मन्रोने प्रत्येक झडपेला स्वतंत्र कॅम दिला. हे सांगावयास एक वाक्य पुरते. करावयास किती रात्री लागल्या असतील याची कल्पना ज्याने कानस हातात धरली आहे त्यालाच येईल. कॅमचा आकार केसभर चुकला तर झडप वेळेवर मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळतो.

पिस्टन त्याने घरीच ओतले. जुने, टाकून दिलेले ॲल्युमिनियमचे पिस्टन मुशीत वितळवावयाचे आणि तो रस साच्यात ओतावयाचा. साच्याच्या कामी कित्येकदा जुने पत्र्याचे डबे आले. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेंटिग्रेडला वितळते, त्यामुळे साध्या भट्टीवरही हे काम होऊ शकते. पण ओतीव धातू निवताना आकसतो, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, आणि असा एक अदृश्य बुडबुडा प्रतिमिनिट हजारो फेऱ्यांच्या माराखाली पिस्टन फोडावयास पुरेसा असतो. नळकांड्यांसाठी त्याला बीड हवे होते. ते त्याने शहराच्या गॅस कंपनीने टाकून दिलेल्या जुन्या नळांतून मिळवले. बिडात कार्बनाचे बारीक पापुद्रे असतात आणि ते घासणाऱ्या पृष्ठभागाला काहीसे वंगण पुरवतात, म्हणून नळकांड्यासाठी तो धातू योग्य मानला जातो. ज्या नळांनी शहराच्या चुली पेटवल्या त्यांच्यातच पुढे एक इंजिन पेटले.

सर्वांत बिकट प्रश्न कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या भुजेशी जोडणाऱ्या दांड्याचा होता. पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेने सुटतो; त्याचा सारा हिसका या दांड्याला सोसावा लागतो. फेऱ्या दुप्पट केल्या की हिसका चौपट होतो. कारखान्याने दिलेला दांडा कारखान्याच्या वेगासाठी होता. मन्रोने कॅटरपिलर ट्रॅक्टरचा जुना आस मिळवला, कारण जड शेतीच्या कामासाठी घडवलेले ते पोलाद चिवट असणार हे तो ओळखून होता. त्या आसातून त्याने दांडे हातांनी कोरून काढले, कानशीने घासून आकारास आणले आणि मग त्यांना पाणी दिले. पोलादाला पाणी देणे ही लोहाराची फार जुनी विद्या आहे. तापवून एकदम थंड केलेले पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. पुन्हा बेताने तापवले म्हणजे काठिण्य थोडे उतरते आणि चिवटपणा येतो. या दोहोंमधला नेमका बिंदू साधणे हेच कसब. तो बिंदू चुकला तर कोठे चुकला, हे दांडा मोडल्यावरच कळते.

मोजमापासाठी त्याच्यापाशी प्रयोगशाळेची उपकरणे नव्हती. चाकाचा एक जुना स्पोक घेऊन त्यावरून तो सूक्ष्म अंतर मापी, असे त्याच्याविषयी सांगतात. ही गोष्ट ऐकून यंत्रशास्त्राच्या पदवीधराला हसू येईल. परंतु माप म्हणजे केवळ आकडा नव्हे, ती एक तुलना आहे. मागच्या खेपेला जेथे दाटले तेथे या खेपेला किती मोकळे ठेवावयाचे, एवढे ज्याला नेमके आठवते त्याला स्पोकही माप देतो. आणि मागच्या खेपेची आठवण ठेवण्यासाठीच ती फळी होती.

सामान्य माणूस मोडलेली वस्तू भंगारात टाकतो, कारण ती त्याला आपल्या फजितीची आठवण देते. मन्रोने ती डोळ्यांसमोर मांडून ठेवली. त्याची विनोदबुद्धी देवाधर्माची भाषा वापरीत असली तरी या फळीचे काम दप्तरखान्याचे होते. मोडलेले पोलाद बोलके असते. धातू दीर्घकाळ हिसके खाऊन थकला असेल, तर त्याच्या तुटलेल्या तोंडावर ओहोटीच्या वाळूवर असाव्यात तशा रेघा एकीपुढे एक उमटलेल्या दिसतात आणि त्या जेथून सुरू होतात तेथे चिरेचे मूळ सापडते. एकाच धक्क्याने मोडला असेल तर तोंड खरखरीत, दाणेदार असते. पिस्टनच्या माथ्याला भोक पडले असेल तर ज्वाळा फार तापली. त्याच्या अंगावर उभे ओरखडे असतील तर तेल पोहोचले नाही किंवा जागा कमी पडली. पुस्तकातील नियम सर्व इंजिनांना सारखे असतात. या फळीवरची माहिती मात्र जगात एकाच इंजिनाविषयी होती आणि ती फक्त त्याच्या मालकाला उपयोगी होती.

या विद्येची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर हा वृत्तान्त नुसती कौतुककथा होईल. पहिल्या वर्षांत मन्रो रात्र रात्र गाडीवर काम करी आणि सकाळी तसाच नोकरीवर जाई. १९३६ च्या घडणीची एक व्हेलोसेट मोटारसायकलही त्याने अशीच फेरफारासाठी घेतली होती. त्याचे लग्न झालेले होते, मुले होती. १९४७ साली त्याचा संसार रीतसर मोडला आणि त्याच सुमारास नोकरीही सुटली. पुढे तो आपल्या कामाच्या शेडमध्येच राहू लागला; निजावयाची खाट आणि घासावयाची कानस एकाच छपराखाली आली. घरी इंजिन बांधणारा मनुष्य आणि इंजिनापाशी घर करणारा मनुष्य यांत अंतर आहे, आणि मन्रोने ते ओलांडले. फळीवर फक्त लोखंड ठेवता येते. लोखंडाखेरीज त्याने वेगाला जे वाहिले त्याची नोंद तेथे असणे शक्य नव्हते.

या काळात गाडीचा वेग मात्र वाढत गेला. इन्व्हर्कार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबच लांब समुद्रकिनारा आहे. ओहोटीनंतर तेथील वाळू रस्त्यासारखी कठीण होते. तीच मन्रोची परीक्षेची जागा. १९३८ साली त्याने न्यूझीलंडमधला आपला पहिला वेगविक्रम केला आणि पुढे देशातील आणखी सात विक्रम त्याच्या नावावर लागले. १९५७ साली किनाऱ्यावरील विक्रमात त्याने ताशी १३१.३८ मैलांचा वेग गाठला. गाडी तेव्हा सदतीस वर्षांची होती आणि तो स्वतः साठीकडे झुकला होता. याच दशकाच्या अखेरीस त्याला हृदयविकाराचा त्रास सुरू झाला. शहाण्या माणसाने येथे थांबावे, असे कोणीही म्हटले असते.

मन्रो थांबला नाही, कारण ओरेटीची वाळू त्याच्या इंजिनाला आता अपुरी पडू लागली होती. पूर्ण वेग गाठून तो काही अंतर टिकवावयाचा आणि मग सावकाश थांबावयाचे, यासाठी मैलोगणती सपाट जमीन लागते. अशी जमीन अमेरिकेतील यूटा संस्थानात बॉनव्हिल येथे आहे. प्राचीन काळी तेथे एक विशाल सरोवर होते. ते आटून मागे पांढऱ्या मिठाचे कठीण मैदान उरले. समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून अधिक उंचीवरील या मैदानावर १९४९ सालापासून दर उन्हाळ्यात वेगाच्या चाचण्या होऊ लागल्या. तेथे जगातील नामांकित संघ नव्या यंत्रांसह येत. मन्रो तेथे एकंदर दहा वेळा गेला. पहिल्या खेपेस केवळ पाहण्यासाठी आणि नऊ वेळा धावण्यासाठी. समुद्रपार जाताना त्याने बरोबर नेले ते १९२० सालचेच यंत्र.

१९६२ साली, त्रेसष्टाव्या वर्षी, ८८३ घनसेंटिमीटरांच्या वर्गात त्याने ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम केला. इंजिन तेव्हा ८५० घनसेंटिमीटरांपर्यंत वाढवलेले होते. १९६६ साली वरच्या वर्गात ताशी १६८.०७ मैलांचा आणि १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, एक हजार घनसेंटिमीटरांखालील वर्गात ताशी १८३.५८ मैलांचा विक्रम त्याच्या नावावर लागला. त्यापूर्वीच्या पात्रतेच्या एकेरी धावेत त्याने ताशी १९०.०७ मैलांचा वेग गाठला होता. हे आकडे वाचताना सारे सुरळीत झाले असे वाटेल; तसे नव्हते. त्याच वर्षीच्या एका धावेत निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर गाडी जोराने डुलू लागली. वेग कमी करण्यासाठी मन्रो कवचातून ताठ उठून बसला, तेव्हा वाऱ्याने त्याचा चष्मा हिसकावून नेला आणि डोळ्यांना काही दिसेनासे झाले. आखलेल्या काळ्या रेषेपासून गाडी दूर भरकटली आणि एका पोलादी खांबाला काही इंचांनी चुकवून गेली. शेवटी त्याने ती मिठावर आडवी घातली. अंगावर थोडे ओरखडे उठले, एवढ्यावर निभावले.

येथे एक प्रश्न सहजच मनात येतो. झडपांची जागा बदलली, कॅम बदलले, पिस्टन, नळकांडी, दांडे, जड चाके सारीच नवी झाली, आणि तीही एकदा नव्हे, अनेकदा. मग १९२० साली स्प्रिंगफील्डहून आलेले ते इंजिन उरले कोठे? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाविषयी असाच प्रश्न निघतो. रथ म्हणजे चाक नव्हे, आस नव्हे, जू नव्हे. मग रथ कशाला म्हणावयाचे? या सर्वांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले ते नाव, असा तेथील निर्णय. मन्रोच्या इंजिनाला तो निर्णय चांगला लागू पडतो, पण त्यात एक भर घालावी लागते. येथे जुळणी बदलत गेली ती यदृच्छेने नव्हे. प्रत्येक नवा भाग आधीच्या मोडलेल्या भागाला दिलेले उत्तर होता. ट्रॅक्टरच्या आसातून कोरलेला दांडा कारखान्याच्या दांड्याहून वेगळा होता, कारण कारखान्याचा दांडा कशामुळे पुरा पडत नाही, हे त्याला ठाऊक होते. इंजिनाचे सातत्य त्याच्या लोखंडात फार थोडे उरले होते. ते या प्रश्नोत्तरांच्या अखंड साखळीत होते.

जुनी वस्तू पुन्हा उभी करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत वस्तू जशी होती तशी करावयाची असते. रंग, खिळा, अक्षर सारे मूळ. जुन्या गाड्यांचे शौकीन या रीतीने काम करतात आणि त्यांच्या निष्ठेमुळे पुष्कळ इतिहास वाचला आहे. दुसऱ्या रीतीत मूळ कारागिराचे काम तेथून पुढे चालवावयाचे असते. फ्रँकलिनने ताशी ५५ मैलांपाशी लेखणी खाली ठेवली. मन्रोने ती उचलली. फ्रँकलिन १९३२ साली वारला, कारखाना १९५३ साली मिटला. पण त्या आखणीचा विचार इन्व्हर्कार्गिलच्या शेडमध्ये चालूच राहिला. यंत्राचे जुनेपण त्याच्या वयावर ठरत नाही. त्याला विचारावयाचे प्रश्न ज्या दिवशी संपतात त्या दिवशी ते जुने होते.

१९७५ साली मन्रोने धावणे सोडले. १९७७ साली त्याला अर्धांगाचा झटका येऊन हातापायांवरचा ताबा कमी झाला. ज्याचे सारे आयुष्य हातांच्या नेमकेपणावर उभे होते त्याला हा आघात किती असह्य झाला असेल, हे सांगावयास नको. आपल्या मोटारसायकली आपल्या मुलखातच राहाव्यात म्हणून त्याने त्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या आणि ६ जानेवारी १९७८ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हयातीतच रॉजर डोनाल्डसनने त्याच्यावर एक लघुपट काढला होता; त्याला नाव दिले ते त्या फळीवरचेच. पुढे २००५ साली त्याच दिग्दर्शकाचा मोठा चित्रपट आला, अँथनी हॉपकिन्सने मन्रोची भूमिका केली आणि दक्षिण टोकाच्या या म्हाताऱ्याचे नाव जगभर झाले. चित्रपटाने, चित्रपटांच्या रीतीप्रमाणे, घटनांत पुष्कळ फेरबदल केले. २००६ साली अमेरिकेतील मोटारसायकलवीरांच्या मानमालिकेत त्याचा समावेश झाला.

आणि मग २०१४ साली एक लहानशी दुरुस्ती झाली. १९६७ च्या विक्रमाचे जुने आकडे पाहताना मन्रोच्या मुलाच्या असे लक्षात आले की, दोन्ही धावांची सरासरी काढताना तेव्हा हिशेबात चूक झाली होती. अमेरिकन मोटारसायकल संघटनेला हे कळवण्यात आले, तिने आकडे तपासले आणि विक्रम ताशी १८३.५८६ मैलांऐवजी १८४.०८७ मैल असा सुधारून नोंदवला. फरक अर्ध्या मैलाचा. विक्रम झाला तेव्हा मोटारसायकल सत्तेचाळीस वर्षांची होती. कागदावरची चूकही बरोबर सत्तेचाळीस वर्षे टिकली.

राजवाड्यांचा दंडक येथे पुन्हा आठवतो. अस्सल कागद पाहावा हे खरेच आहे, कारण ही चूक सापडली तीही अस्सल कागद पाहूनच. परंतु कागदावरील बेरजेची चूक सत्तेचाळीस वर्षे कोणाला त्रास न देता स्वस्थ बसू शकली. मन्रोच्या भट्टीतली, कानशीखालची किंवा पाणी देतानाची चूक सत्तेचाळीस सेकंदही स्वस्थ बसू शकत नसे. ती ओरेटीच्या वाळूवर किंवा बॉनव्हिलच्या मिठावर त्याच दिवशी मोठ्या आवाजाने जाहीर होई आणि संध्याकाळी फळीवर येऊन बसे. त्या बखरीत अतिशयोक्ती नव्हती, स्तुती नव्हती, आणि लपवाछपवी तर नव्हतीच. मन्रोच्या विजयांची नोंद इतरांनी ठेवली आणि ती थोडी चुकली. पराभवांची नोंद त्याने स्वतः ठेवली, आणि त्याच नोंदीतून ते इंजिन उभे राहिले.